पोत्याचं तोंड

बेळगाव, शहापूर
१४ जून १९७७

चि. शामू,

आशीर्वाद हाय, पण रागासकट. पाडव्याला घर सोडलंस, आज अर्धा जून सरला. एक कार्ड टाकायला हात झिजले असते का रं तुझे? मष्णू ड्रायव्हर लॉरी घेऊन इकडं आलता, त्याच्याकडनं कळलं की तू निपाणीत तंबाखूच्या वखारीत लागलास. कॉफीच्या घरात वाढलेलं पोरगं तंबाखूत जाऊन बसलं! ऐकलं त्या दिवशी मला घास गोड लागला न्हाय.

मी ह्या घरात आले तेव्हा तू एवढासा होतास, नाक सुद्धा मलाच पुसावं लागायचं. सासूबाईंनी जाताना तुझा हात माझ्या हातात दिला. म्हणून तुला अरेतुरे करते, न्हायतर भावजी म्हणून पदर सावरून बोलले असते. तेव्हा वैनी सांगते ते गुमान ऐक.

पाडव्याच्या सकाळी दुकानात गिऱ्हाइकं उभी होती आणि तू म्हणालास, "अण्णा, हा कॉफीचा घाणा करपलाय." तुझ्या भावानं सगळ्यांदेखत तुझ्या मुस्काटात मारली. "माझ्या नाकाला नाव ठेवणारा बेळगावात अजून जन्मायचा हाय," असंबी म्हणाले. त्यावर तू पिशवी उचललीस. तुला अडवायला मी पार रस्त्यापर्यंत आलते, तुला ठावं हाय.

शामू, तो घाणा खरंच करपला होता. मलाबी वास आलता. मला वाटलं, एकदा चुकलं असंल, माणूस हाय. पण त्यानंतर मी लक्ष ठेवलं. चुलीवर दूध उतू जाऊन सगळ्या घरात जळका वास सुटला, आणि हे शेजारी पाटावर बसून पेपर वाचतायत. कॉफीत मिसळायच्या चिकोरीच्या डब्यामागं उंदीर मरून पडला, गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून उभं, आणि हे विचारतात, "सर्दी झाली काय हो?" मी उदबत्ती पेटवून त्यांच्या पाठीशी धरली. मान वळली न्हाय.

तुझ्या अण्णांचं नाक गेलंय. गेल्या श्रावणात तापानं पडलेते, त्या तापानं नेलं. त्यांना ठावं हाय, पण ते कुणाला सांगणार न्हाईत. मला सुद्धा सांगितलेलं न्हाय. भाजणाऱ्याला रंग डोळ्यानं कळतो, बी तडतडलं की कानानं कळतं, पण घाणा नेमका कधी उतरायचा ते शेवटी नाकच सांगतं. हे तुला मी काय शिकवू? अण्णांनीच तुला शिकवलं.

मला रोज भीती वाटते. आज ना उद्या असं काही भाजायच्या ढोलात जाईल, जे जायला नको. तू ये. माफी मागू नको, काही बोलू नको, नुसता येऊन ढोलाजवळ उभा राहा.

तुझी वैनी


बेळगाव
६ ऑगस्ट १९७७

चि. शामू,

तुझं कार्ड पोचलं. कार्ड कसलं, नोटीसच! "अण्णांनी स्वतः बोलवावं, मग येईन." सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय, ही म्हण तुम्हा भावांकडं बघूनच कुणीतरी काढली असणार.

दुकान कसं चाललंय असं एका ओळीत विचारलंयस. माझ्या सुपावर चाललंय.

ढोलामागं तट्ट्याचा पडदा हाय ना, त्याच्याआड मी कॉफीचं बी निवडत बसते. पुढं आपला भीमाप्पा ढोल फिरवतो. सांबऱ्याची जत्रा तुला खांद्यावर बसवून दाखवलेला भीमाप्पा, आता पाठ वाकली त्याची, पण सायकल मारत वेळेवर येतो. अण्णा समोर हात मागं बांधून उभे असतात, पूर्वीसारखेच. वास चढत चढत बरोबर जागी आला की मी सूप जमिनीवर आपटते. अण्णा म्हणतात, "भीमाप्पा, उतरव." गिऱ्हाईक म्हणतं, मारुतीरावांसारखं नाक न्हाय.

हे आम्ही बसून ठरवलेलं न्हाय. एक दिवस खडे पाखडताना माझ्या हातनं सूप आपटलं, आणि नेमका घाणा झालता. त्यांनी उतरवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघते तर मान पडद्याकडं वळलेली, वाट बघतायत. मग मी आपटलं. तेव्हापासून चालू हाय. नवरा-बायकोत ह्यावर एक अक्षर झालेलं न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर लगेच काळजी करू नको. मी तिथं हाय तोवर वावगं काही ढोलात जाणार न्हाय.

एकच अडचण हाय, ती दिराला लिहायची लाज वाटते, पण तू लेकरू न्हाईस आता. महिन्यातले चार दिवस मला मागल्या पडवीत बसावं लागतं. ढोलाला आपल्यात देव मानतात, आजेसासऱ्यांपासून. तेव्हा त्या दिवसांत माझी सावली सुद्धा तिकडं चालत न्हाय. त्या दिवसांत आम्ही भाजणी बंद ठेवतो. "चिकोरी आली न्हाय," असं गिऱ्हाइकाला सांगतो. गेल्या महिन्यात अण्णांना धीर निघाला न्हाय, माझ्यामागं त्यांनी एक घाणा लावला. सगळा कोळसा. ओढ्याकाठी नेऊन ओतला आणि घरी येऊन भीमाप्पाला शिव्या दिल्या. भीमाप्पा खाली मान घालून ऐकत होता. त्या म्हाताऱ्याला सगळं कळलंय असं मला वाटतं. तोबी बोलत न्हाय.

एका घरात तिघं जण एकच गोष्ट जाणून गप बसलेत. मला हे बरं वाटत न्हाय रं. रात्रंदिवस छातीवर पाटा ठेवल्यागत होतं.

तुझी वैनी


बेळगाव
२५ सप्टेंबर १९७७

चि. शामू,

तुझं दुसरं कार्ड आलं, आणि मला राग आला. आधी तेवढं सांगून टाकते.

तू लिहितोस, "अण्णांचं नाक गेलं हे मला पटत न्हाय. आमचा समेट व्हावा म्हणून तू रचून सांगतेस." मी रचून सांगते व्हय? नवऱ्याची लाज चव्हाट्यावर मांडायची मला हौस आलीय? तू पुढं लिहितोस, "शेकडो पोत्यांतनं एक बुरसलेलं पोतं हात न लावता ओळखणारा माणूस तो. नाक गेलं असंल तर मला मारायचा त्याला काय हक्क होता? खरं-खोटं एकदा कळायलाच पाहिजे."

हे शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. मला ते आवडलं न्हाय. भावाची परीक्षा घेऊ नये, शामू. पास झाला तरी मन दुखतं, नापास झाला तरी दुखतं.

इकडचे हाल विचारू नको. परदेशात कुठं हिव पडून कॉफीची झाडं जळाली म्हणे, आणि आगीत तेल म्हणून आपल्याकडचं बी तिकडं चाललंय. अण्णा लिलावाला जाऊन हात हलवत परत येतात. ढोल आठवड्यातनं दोनदा फिरतो. गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत नव्या मशीनवाल्याकडं जाऊ लागलंय. तो पुडीत काय घालतो देव जाणे, चिंचोके भाजून घालत असंल, पण पुडी तरी मिळते ना. अण्णा संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसतात आणि रिकाम्या ढोलाकडं बघत राहतात. अक्काताई बापाला चहा नेऊन देते, तोबी तसाच गार होतो. अकरा वर्सांची पोर, पण तिलाबी कळतं, ती घरात पाय वाजवत न्हाय.

तुझ्या कार्डात एक गोष्ट बरी वाटली. तुझा मालक तंबाखूच्या वखारीत कॉफीची पोतीबी ठेवतो आणि कोगनोळीच्या नाक्यावरनं हद्दीपलीकडं कोल्हापूरला धाडतो असं लिहिलंयस. तो धंदा सरळ न्हाय एवढं मला कळतं, मी त्यात पडत न्हाय. पण त्यातलं एखादं पोतं दिवाळीपुरतं मिळालं तर अण्णांच्या अंगात जीव येईल. त्यांना मी विचारलेलं न्हाय. विचारलं तर उसळतील. तू आधी कळव.

पत्र लिहिताना बोटाला शाई लागते, ती मी राखेनं घासून काढते. परवा अण्णांनी बोट बघितलं. मग पेपर उघडून बसले.

तुझी वैनी


बेळगाव
२८ ऑक्टोबर १९७७

चि. शामू,

आज तुला मोठी गोष्ट सांगायची हाय. तुझे अण्णा व्हय म्हणाले!

दसऱ्याला ढोलाची पूजा झाली. आत घालायला मूठभर बी न्हाय, नुसता ढोल हळद-कुंकू लावून बसलेला. मी देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "शामू पोतं धाडतो म्हणतोय." मला वाटलं आता ताट उडणार. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "धाडलं तर घेईन. पण मी बोलणार न्हाय त्याच्याशी." मी म्हटलं, "नका बोलू, पोतं कुठं तुमच्याशी बोलायला येतंय?" तर चक्क हसले. पाडव्यानंतर पहिल्यांदा.

आणि काल बघते तर काय, कोपऱ्यातली जागा स्वतः झाडतायत. खाली फळ्या टाकल्या, वर गोणपाट अंथरलं. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाले, "ओल लागंल की खालनं." तू पोतं धाडणार म्हटल्यावर माणूस वाट बघायला लागलाय रं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आता माझं ऐक. नीट बघून धाड. तुमच्या वखारीत तंबाखू, त्यावर मारायची औषधं, काय काय असतंय. कॉफीचं बी कुठलाबी वास लगेच ओढून घेतं, हे तुला सांगायला नको. स्वच्छ पोतं, कोरड्या जागचं, तू स्वतः हात घालून, हुंगून धाड. तुझ्या नाकावर माझा भरवसा हाय.

का कोण जाणे, एवढं चांगलं होतंय तरी मला धास्ती वाटते. सकाळपासून उजवा डोळा लवतोय. बायकांचा उजवा लवलेला चांगला नसतो म्हणतात. तू म्हणशील, वैनी म्हातारी झाली.

पोत्याबरोबर तूच का येत न्हाईस? लॉरीत मष्णूच्या शेजारी बसायचं आणि यायचं. अण्णा बोलणार न्हाईत म्हणाले, पण नाक दाबलं की तोंड उघडतं. तू समोर उभा राहिलास तर किती वेळ गप बसतील?

तुझी वैनी


बेळगाव
९ नोव्हेंबर १९७७

शामू,

भीमाप्पा गेला.

तू धाडलेल्या पोत्यातलं बी परवा भाजलं. कॉफी प्यायल्यावर दोघांना झटके आले. भीमाप्पा काल पहाटे सरकारी दवाखान्यात संपला. अण्णा अजून तिथंच हाईत. तोंडातनं फेस येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात. माणूस ओळखत न्हाईत. डॉक्टर म्हणतात, पिकावर मारायचं औषध पोटात गेलंय.

मी भाजताना तिथं नव्हते. सविस्तर पुढं सांगीन, आता दवाखान्यात जायचंय.

त्या वखारीतली बाकीची पोती कुठं गेली? त्यातलं कुणाच्या घरात जाऊ देऊ नको. मालकाच्या पाया पड, भांड, काहीबी कर, पण थांबव. आणि मिळंल त्या गाडीनं ये. तुझा भाऊ वाचतो का न्हाय मला सांगता येत न्हाय. ताबडतोब ये.

वैनी


बेळगाव
२३ नोव्हेंबर १९७७

शामू,

तू आला न्हाईस. मी रोज दवाखान्याच्या फाटकाकडं बघत होते. आता का आला न्हाईस ते कळलंय. मष्णू काल येऊन गेला.

आधी इथलं सांगते. अण्णा वाचले. परवा घरी आणलं. हात कापतात, भाताचा घास अक्काताई भरवते. पण शुद्धीवर हाईत, बोलतात. लई बोलतात.

त्या दिवशी काय झालं ते मला त्यांच्याकडनंच कळलं. पोतं आलं त्या सकाळीच मी पडवीत जाऊन बसलेते. पोतं मी बघितलं सुद्धा न्हाय. अण्णा मला दारातनं म्हणाले होते, "तू येईस्तोवर ढोलाला हात लावत न्हाय." पण दिवाळी तोंडावर आली, गिऱ्हाईक दारात येऊन विचारायला लागलं, आणि भावानं धाडलेलं बी कोपऱ्यात बसलंय. तिसऱ्या दिवशी सकाळी मला पडवीत ढोल फिरल्याचा आवाज आला. मी अक्काताईला धाडलं, म्हटलं, जा, बाबांना सांग, एक दिवस थांबा, उद्या मी न्हाऊन येते. अक्काताई परत आली. "बाबा म्हणतात, गप बसायला सांग तिला." मी बसले. ढोलाचं धुराडं रस्त्याकडं, वारा तिकडचा. मला पडवीत कसलाच वास आला न्हाय.

वास भीमाप्पाला आला. ढोल फिरवता फिरवता तो म्हणाला, "मालक, ह्याला वेगळाच वास मारतोय. औषधागत." शामू, हेच ऐकायला लागू नये म्हणून तुझा भाऊ वर्सभर लपत होता. अण्णा कडाडले, "तू मला वास शिकवतोस?" म्हातारा पुन्हा ढोल फिरवायला लागला. तुला पडलेली थोबाडीत त्यानं बघितली होती ना.

घाणा उतरला. घरची रीत तुला ठावं हाय, पहिला कप घरच्यानं प्यायचा, मग गिऱ्हाइकाला. अण्णांनी केली, दोन घोट घेतले, आणि त्यांना काय कळणार? वास न्हाय त्याला चव कुठली? भीमाप्पा बघत उभा होता. तर ह्यांनी पितळी तांब्या भरून त्याच्यापुढं धरला. "पी, आणि मग बोल. औषध म्हणे!" भीमाप्पानं मालकाचा मान राखला. तांब्या रिकामा केला. "चांगली हाय, मालक," असं म्हणाला तो. शेवटचं तेवढंच बोलला.

त्याला सगळं कळत होतं आणि तरी प्यायला. मला हे आठवलं की जेवण जात न्हाय.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर अण्णांनी पहिल्यांदा भीमाप्पाचं विचारलं. मी सांगितलं. ते भिंतीकडं तोंड करून पडले. मग पोलीस आला, कानडीत विचारत होता, बी कुठलं? अण्णा म्हणाले, "बाजारात एका फिरस्त्याकडनं घेतलं, नाव ठावं न्हाय." पोलीस गेल्यावर मला म्हणाले, "शामूचं नाव कुठं निघता कामा नये. त्या पोरानं आठवणीनं पोतं धाडलं. त्याला काय ठावं आत काय हाय ते? मला कळायला पाहिजे होतं. माझ्या नाकानं भीमाप्पाला मारलं."

काल रिक्षा करून सांबऱ्याला भीमाप्पाच्या घरी गेले. मी नको म्हणत होते. त्याच्या बायकोच्या, तानुबाईच्या दारात उभे राहिले आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, "तानुबाई, मला वर्सभर वास येत न्हाय. मी कुणाला सांगितलं न्हाय. तुझ्या नवऱ्यानं मला सांगितलं आणि मी त्यालाच पाजलं." तानुबाईनं ऐकलं. आत गेली आणि तिनं दार लावलं. अण्णा त्या बंद दारासमोर लई वेळ उभे होते. मी हाताला धरून आणलं.

घरी आलो तर मष्णू पायरीवर बसलेला. अण्णांना आत निजवलं आणि मी त्याच्याशी बोलायला बाहेर आले. बिचारा भेदरला होता. म्हणाला, "वैनी, मला वाटलं तुम्हाला ठावं असंल." मी म्हटलं, काय ठावं असंल? तेव्हा त्यानं सांगितलं.

तू त्याला म्हणालास, "पोतं अण्णांच्या समोर ठेव. तोंड तूच उघड. आणि अण्णा काय म्हणतात तेवढं बघून ये मला सांगायला."

मष्णूनं पोत्याचं तोंड उघडलं. त्याला वास आला. लॉरी चालवणाऱ्या माणसाला, बिड्या फुंकून फुंकून नाक मेलेल्याला वास आला! अण्णांनी मूठभर बी हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "चांगला माल धाडलाय पोरानं." त्यांचे डोळे भरून आले, असं मष्णू म्हणतो. तोच निरोप त्यानं संध्याकाळी निपाणीत तुला दिला.

आणि तू हसलास म्हणे. "बघितलंस? गेलंच म्हाताऱ्याचं नाक," असं म्हणालास. मष्णूनं विचारलं, मग उद्या जाऊन पोतं परत आणू काय? तू म्हणालास, "कशाला? वैनी हाय तिथं. ती बघंल."

शामू, मी ह्या ओळीशी लई वेळ थांबले.

औषधाचा पिंप गळून पोत्यात झिरपला होता, हे तुला ठावं नसणार. तुला नुसता वास ठावं होता, विष ठावं नव्हतं. एवढं मी तुझ्या पदरात घालते. तू मनानं दुष्ट न्हाईस, मी वाढवलंय तुला. तू मीच लिहिलेल्या गोष्टीवर विसंबलास. वैनी पडद्याआड हाय, ती वास ओळखंल, घाणा लावू देणार न्हाय, आणि ती नसंल त्या दिवशी भाजणीच नसते. असाच हिशेब केलास ना? पण तो खरा ठरला न्हाय. मी पडवीत होते, आणि तुझा भाऊ तुझ्या पोत्याच्या आनंदात थांबला न्हाय.

पण मधे अख्खा एक दिवस होता की रं! मष्णूनं तुला सांगितलं आणि ढोल फिरला, ह्याच्यामधे सबंध दिवस गेला. निपाणीहून बेळगावला दिवसभर गाड्या सुटतात. तुला बसता आलं असतं. दारात येऊन नुसतं म्हणाला असतास, "वैनी, ते पोतं बाजूला ठेव," तर भीमाप्पा आज सायकल मारत आला असता. तुला तुझं खरं ठरलेलं बघायचं होतं. ठरलं. आता काय करशील त्याचं?

मष्णू म्हणाला, माझं पत्र गेल्यावर तू मालकाशी भांडून बाकीची पोती जाळायला लावलीस आणि तेव्हापासून जेवत न्हाईस, कामावर जात न्हाईस. जेव. उपाशी राहून काही फिटत न्हाय.

आता शेवटचं, आणि हे लक्ष देऊन वाच.

अण्णा रोज सकाळी उठले की एकच म्हणतात, "शामूला बोलाव. त्याचं नाक खरं होतं, मी त्याला चारचौघांत मारलं. त्याची चारचौघांत माफी मागायची हाय. ढोल आता त्याचा." तुला हेच पाहिजे होतं ना? स्वतः बोलवावं, मग येईन? ते बोलवतायत. हात कापतात म्हणून मला लिहायला सांगतात.

ह्या माणसाजवळ आता काही उरलेलं न्हाय. नाक गेलं, दुकान बंद झालं, भीमाप्पा गेला, तानुबाईनं दार लावलं. एवढंच उरलंय, की भांडण झालं तरी माझ्या भावानं माझी आठवण ठेवून पोतं धाडलं. दिवसातनं दहा वेळा ते मला हे सांगतात. तेवढ्यावर घास खातात.

तू आलास तर त्यांच्या पाया पडशील आणि सगळं सांगून मोकळा होशील, मी ओळखते तुला. आणि तू सांगितलं न्हाईस तर तुझ्याकडं बघून एक दिवस माझ्या तोंडातनं जाईल. औषधानं ते मेले न्हाईत. ह्यानं मरतील.

आत्ता ते समोर पलंगावर बसलेत, मी लिहिते ते बघतायत. चष्म्याबिगर तिथनं वाचता येत न्हाय त्यांना. विचारलं, "काय लिहिलंस?" मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं तेच. लौकर ये म्हणून." म्हणाले, "माझं नाव घालून लिही. अण्णानं बोलावलंय म्हणावं."

शामू, अण्णांनी तुला बोलावलंय.

येऊ नको.